जॉन गीलगुड: आवाज गाजल्यानंतर या नटाने काय केलं?

नाटक करणाऱ्या एका तरुण अभिनेत्रीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "जॉन गीलगुड हे जुन्या वळणाचे, नुसत्या आवाजाचे इंग्रज नट होते असं शिकवलं जातं. मग ते रंगभूमीवर आणि पडद्यावर इतकी वर्षं टिकले कसे? आणि कॅमेऱ्यासमोर काम करणाऱ्या आजच्या नटाने त्यांच्याकडून काय घ्यायचं?"

मी वाचिक अभिनय शिकवतो आणि नाटकं बसवतो, त्यामुळे हा प्रश्न मला जवळचा आहे. "नुसत्या आवाजाचे नट" हे वर्णन त्यांच्या आयुष्याच्या पूर्वार्धाला थोडंफार लागू पडतं. उत्तरार्धाला ते अजिबात लागू पडत नाही, आणि शिकण्यासारखं जास्त त्या उत्तरार्धात आहे. तिकडे वळण्याआधी पूर्वार्ध सांगावा लागेल, कारण पुढे त्यांनी काय सोडलं हे त्याशिवाय कळणार नाही.

गीलगुड यांचा जन्म लंडनचा, १४ एप्रिल १९०४ चा. वडील शेअर बाजारात दलाल, मूळ घराणं पोलंड-लिथुआनियाकडचं. आईकडून मात्र ते थेट टेरी घराण्यातले. आजी केट टेरी आणि आजीची बहीण एलेन टेरी, म्हणजे व्हिक्टोरियन काळातल्या इंग्रजी रंगभूमीची मोठी नावं. अशा घरातल्या मुलाला नाटकाची ओढ लागली यात नवल नाही. पण घराण्याने चालणं शिकवलं नव्हतं. पहिल्या नाट्यशाळेत लेडी बेन्सन यांनी त्यांना पाहून म्हटलं होतं की हा मुडदूस झालेल्या मांजरासारखा चालतो. १९२४ मध्ये त्यांचा पहिला रोमिओ पाहून समीक्षक आयव्हर ब्राउन यांनीही त्यांच्या निरर्थक पायांचीच चेष्टा केली. १९२१ मध्ये ओल्ड विक थिएटरात 'पाचवा हेन्री' नाटकात दूत म्हणून एक वाक्य बोलायला मिळालं, तिथून सुरुवात. पुढे रॉयल अ‍ॅकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्टमध्ये शिक्षण झालं. तिथे क्लॉड रेन्स शिकवायला होते.

शरीर साथ देत नाही, आवाज देतो, अशा स्थितीत तरुण नट काय करतो? जे चालतं त्यावर सगळा भार टाकतो. गीलगुड यांनीही तेच केलं. त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलं आहे की त्या काळात ते स्वतःच्या आवाजाच्या प्रेमात होते. अश्रू तर हुकमी होते. टेरी घराण्यात सगळ्यांनाच पटकन रडू येतं, असं ते सांगत.

यातून पहिल्यांदा बाहेर काढलं ते रशियन नाटककार चेकॉव्हने. १९२५ मध्ये ऑक्सफर्डला जे. बी. फेगन यांच्या कंपनीत त्यांनी 'चेरी ऑर्चर्ड'मधला ट्रोफिमॉव्ह केला. चष्मा, विरळ दाढी, कळकट विद्यार्थी. आरशात स्वतःचा देखणा चेहरा न दिसता दुसराच माणूस दिसला, आणि त्या माणसाच्या आडोशाला गेल्यावर मोकळं वाटलं, असा तो अनुभव होता. त्यानंतर रशियन दिग्दर्शक थिओडोर कोमिसार्जेव्हस्की यांनी लंडनच्या बार्न्स भागातल्या एका छोट्या थिएटरात त्यांना चेकॉव्हच्या आणखी भूमिका दिल्या आणि भूमिका आतून बाहेर कशी उभी करायची ते दाखवलं. हे बी पेरलं गेलं, पण ते उगवायला फार वर्षं लागली, कारण मध्येच शेक्सपिअर आला.

१९२९ मध्ये लिलियन बेलिस यांच्या ओल्ड विकमध्ये ते प्रमुख नट झाले. पगार थोडा, तालमीला वेळ कमी, दर काही आठवड्यांनी नवं नाटक. दोन हंगामांत रिचर्ड दुसरा, मॅकबेथ, प्रॉस्पेरो, लिअर आणि १९३० मध्ये, वयाच्या २६ व्या वर्षी, पहिला हॅम्लेट. तोवर लंडनला हॅम्लेट म्हणजे पन्नाशीकडे झुकलेला नामवंत नट बघायची सवय होती. खरोखरीचा तरुण हॅम्लेट दिसला आणि गर्दी लोटली. १९३४ मध्ये त्यांनी स्वतः बसवलेल्या 'हॅम्लेट'चे न्यू थिएटरात १५५ प्रयोग झाले. त्याआधी हेन्री अर्व्हिंग यांनी १८७४ मध्ये सलग २०० केले होते. १९३६-३७ मध्ये न्यूयॉर्कला १३२ प्रयोग झाले आणि जॉन बॅरिमोर यांचा १०१ चा विक्रम मागे पडला. आयुष्यभरात त्यांनी ही भूमिका पाचशेहून अधिक वेळा केली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस सैनिकांसाठी काढलेल्या दौऱ्यात ते हिंदुस्थानातही आले होते. 'हॅम्लेट' आणि नोएल कॉवर्ड यांचा 'ब्लाइद स्पिरिट' अशी दोन नाटकं बरोबर होती. त्या दौऱ्यात, १९४६ च्या सुरुवातीला कैरोमध्ये, त्यांनी हॅम्लेट शेवटचा केला. आगरकरांचं भाषांतर आणि गणपतराव जोशींचा अभिनय यांतून हॅम्लेट ओळखणाऱ्या मराठी माणसाला एका नटाच्या नावावर एखादी भूमिका कशी चढते हे वेगळं सांगायला नको.

आता आवाजाबद्दल, कारण इथे गैरसमज फार आहे. अ‍ॅलेक गिनेस यांनी त्या आवाजाला रेशमात गुंडाळलेल्या चांदीच्या तुतारीची उपमा दिली होती. ती सगळीकडे उद्धृत होते आणि तिच्यामुळे लोक आवाजाचा पोत ऐकत बसतात. तुम्ही पोत ऐकू नका, तो जन्मजात असतो. त्यांचा दम कुठे तुटतो ते ऐका. शेक्सपिअरचं एखादं वाक्य पाच-सहा ओळी चालतं. गीलगुड ते एका विचाराचं एक वाक्य म्हणून बोलतात. मधल्या पोटवाक्यांना किंचित खाली ठेवून पुढे सरकतात, आणि ज्या शब्दासाठी एवढा प्रवास केला त्या शेवटच्या शब्दावर श्वास शिल्लक असतो. शिवाय त्यांचा वेग लक्षात घ्या. ते आपल्या समजुतीपेक्षा बरेच जलद बोलतात. गोड आवाजाचा नट रेंगाळतो, हे रेंगाळत नाहीत.

मराठी नटाला याची गरज इंग्रजी नटापेक्षा जास्त आहे. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. "मी त्याला काल रात्री सगळ्यांच्या देखत घराबाहेर काढलं नाही" या वाक्यात शेवटचा शब्द ऐकू आला नाही तर अर्थ उलटा होतो. आणि आपले नट नेमका तोच शेवट खातात. पहिल्या शब्दावर जोर, मग उतरण, मग शेवटी हवा. तालमीत मी सगळ्यात जास्त वेळ यावर घालवतो. पल्लेदार वाक्यं असलेलं कुठलंही जुनं नाटक घ्या आणि एक परिच्छेद असा म्हणा की प्रत्येक वाक्याचं क्रियापद शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल, पण ओरडल्यासारखं वाटणार नाही. जमायला महिने लागतात. गीलगुड यांच्याकडून घ्यायची ही पहिली गोष्ट, आणि ती कॅमेऱ्यासमोरही तितकीच लागते, कारण कपड्याला लावलेला लेपल माइक आवाज उचलतो, अर्धवट सोडलेला विचार उचलत नाही.

१९३५ मध्ये त्यांनी न्यू थिएटरात 'रोमिओ अँड ज्युलिएट' बसवलं. पेगी अ‍ॅशक्रॉफ्ट ज्युलिएट, एडिथ इव्हान्स दाई, आणि रोमिओ-मर्क्युशिओ या भूमिका गीलगुड आणि लॉरेन्स ऑलिव्हिए यांनी आलटून पालटून केल्या. आधी ऑलिव्हिए रोमिओ झाले, काही आठवड्यांनी अदलाबदल झाली. एकाच्या काव्याची आणि दुसऱ्याच्या रक्तामांसाची तुलना त्या दिवसापासून जी सुरू झाली ती दोघांच्या मृत्यूनंतरही थांबलेली नाही. तेव्हा बऱ्याच समीक्षकांनी ऑलिव्हिए यांना काव्य बोलता येत नाही असं म्हटलं. वीस वर्षांत वारं फिरलं आणि गीलगुड "मानेच्या वरचे नट" ठरले. मला ही तुलना निष्फळ वाटते. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे की त्या नाटकाचे दिग्दर्शक गीलगुड होते आणि त्यांनी स्वतःच्या प्रतिस्पर्ध्याला स्वतःच्या नाटकात समान जागा दिली. १९३७-३८ मध्ये क्वीन्स थिएटरात त्यांनी स्वतःच्या जोखमीवर चार नाटकांचा हंगाम केला. अ‍ॅशक्रॉफ्ट, मायकेल रेडग्रेव्ह, तरुण अ‍ॅलेक गिनेस असा संच. चेकॉव्हचं 'थ्री सिस्टर्स' बसवायला फ्रेंच दिग्दर्शक मिशेल सां-दनी यांना बोलावलं आणि तालमींना त्या काळाच्या मानाने कितीतरी जास्त आठवडे दिले. कायमस्वरूपी नटसंच ही कल्पना ब्रिटनमध्ये पुढे रॉयल शेक्सपिअर कंपनी आणि नॅशनल थिएटरने रुजवली. तिची एक मोठी पूर्वतयारी इथे झाली होती.

चित्रपटाचं म्हणाल तर या काळात तो त्यांच्यासाठी दुय्यम होता. १९३६ मध्ये हिचकॉक यांच्या 'सीक्रेट एजंट'मध्ये नायक होते. दिवसा चित्रीकरण, रात्री रोमिओ. तो चित्रपट पाहिला तर हा माणूस कॅमेऱ्यासमोर अवघडलेला दिसतो. पुढे ब्रिटिश पंतप्रधान डिझरायलीची एक भूमिका सोडली तर १९५३ पर्यंत मोठ्या पडद्यावर ते जवळजवळ नाहीतच. १९५३ च्या 'जुलियस सीझर'मध्ये ते कॅसियस झाले आणि मार्लन ब्रँडो यांनी मार्क अँटनीच्या भाषणांसाठी त्यांची मदत मागितली. गीलगुड यांनी सुचवलेल्या गोष्टी ब्रँडो यांनी दुसऱ्या दिवशी करून दाखवल्या. मेथडवाले, म्हणजे भूमिका आतून अनुभवून उभी करणारे नट, आणि काव्यवाले यांच्यात भिंत असते असं मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आणि त्याच वर्षी ते सगळं घडलं. १९५३ च्या उन्हाळ्यात राणीच्या राज्याभिषेकाच्या निमित्ताने त्यांना 'सर' हा किताब मिळाला. ऑक्टोबरमध्ये चेल्सीतल्या एका सार्वजनिक स्वच्छतागृहात समलैंगिक वर्तनाच्या आरोपावरून पोलिसांनी त्यांना पकडलं. दुसऱ्या दिवशी न्यायालयाने दहा पौंड दंड केला आणि बातमी वर्तमानपत्रात आली. तेव्हा 'अ डे बाय द सी' हे नाटक लंडनबाहेर उभं राहत होतं. दिग्दर्शक तेच, प्रमुख भूमिकाही त्यांचीच. लिव्हरपूलच्या प्रयोगात रंगमंचावर पाऊल टाकायची हिंमत होईना, तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या सहअभिनेत्री सिबिल थॉर्नडाइक यांनी त्यांना सोबत घेऊन प्रेक्षकांसमोर आणलं. लोक उभे राहिले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. नाटक लंडनमध्येही चाललं. पण काही महिन्यांनी त्यांचं मन आणि शरीर दोन्ही कोसळलं, काम थांबवावं लागलं. समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारा इंग्लंडमधला कायदा १९६७ मध्ये बदलला. आपल्याकडे इंग्रजांनीच आणलेलं ३७७ कलम त्याबाबतीत २०१८ पर्यंत टिकलं. हा प्रसंग मी कुचाळकी म्हणून सांगत नाही. नटाचं भांडवल म्हणजे लोकांसमोर उभं राहण्याचं धैर्य. ते भर चौकात काढून घेतलं गेल्यावर हा माणूस आणखी पंचेचाळीसहून अधिक वर्षं काम करत राहिला. त्यांच्या कारकिर्दीचा हिशेब करताना हे वजन धरायलाच हवं.

त्यापुढची दहा-बारा वर्षं कठीण गेली. १९५५ चा 'किंग लिअर' शिल्पकार इसामु नोगुची यांच्या वेशभूषेखाली चिरडला गेला. १९६१ मध्ये इटालियन दिग्दर्शक झेफिरेली यांनी स्ट्रॅटफर्डला बसवलेला 'ऑथेल्लो' सपशेल पडला. दरम्यान लंडनमध्ये नवे, रागीट, कामगारवस्तीतले लेखक आले होते आणि नाटककार सॅम्युएल बेकेटही आले होते. गीलगुड यांना ही नाटकं रुचत नव्हती आणि ते ते लपवतही नव्हते. त्यांनी काय केलं? शेक्सपिअरमधले उतारे निवडून 'एजेस ऑफ मॅन' हा एकपात्री प्रयोग केला. साधा डिनर जॅकेट, जवळपास रिकामा रंगमंच. १९४० मध्ये बाँबने उद्ध्वस्त झालेलं क्वीन्स थिएटर १९५९ मध्ये पुन्हा उघडलं ते याच प्रयोगाने. देशोदेशी तो गाजला, त्याच्या ध्वनिमुद्रिकेला पुढे ग्रॅमीही मिळालं. पण माझं स्पष्ट मत असं की तो पूर्वार्धाचा उत्कृष्ट समारोप होता. त्यावरच थांबले असते तर तुम्हाला शिकवलेलं वर्णन खरं ठरलं असतं.

वळण १९६४ च्या आसपास दिसायला लागतं. न्यूयॉर्कला त्यांनी रिचर्ड बर्टन यांना घेऊन तालमीच्या कपड्यांतला 'हॅम्लेट' बसवला. त्याचे १३७ प्रयोग होऊन त्यांचा स्वतःचाच १३२ चा विक्रम मोडला. त्याच वर्षी 'बेकेट' (नाटककार बेकेट यांच्याशी संबंध नसलेल्या) चित्रपटात फ्रान्सचा राजा सातवा लुई म्हणून ते मोजकेच प्रसंग आले आणि ऑस्करचं नामांकन घेऊन गेले. मग ऑर्सन वेल्स यांच्या 'चाइम्स अ‍ॅट मिडनाइट'मध्ये चौथा हेन्री. थंड दगडी दरबार, तोंडातून वाफ, आणि थकलेला राजा. इथे काव्य आहे, पण आता ते ऐकणाऱ्यासाठी सजवलेलं नाही, माणूस स्वतःशी बोलतोय.

१९६८ मध्ये त्यांनी तेव्हा नवख्या असलेल्या अ‍ॅलन बेनेट यांच्या 'फॉर्टी इयर्स ऑन'मध्ये गोंधळलेला, भाबडा मुख्याध्यापक केला. ६४ वर्षांचा, किताब मिळालेला नट स्वतःच्याच पिढीची थट्टा करणाऱ्या नाटकात उभा राहिला. दोन वर्षांनी रॉयल कोर्टमध्ये, म्हणजे त्याच रागीट लेखकांच्या घरात, डेव्हिड स्टोरी यांचं 'होम' आलं. सोबत राल्फ रिचर्डसन. दोन वृद्ध गृहस्थ बागेत खुर्च्यांवर बसून हवापाण्याच्या गप्पा मारतात, आणि हळूहळू लक्षात येतं की ही जागा म्हणजे वेड्यांचं इस्पितळ आहे. संहितेत एकही पल्लेदार वाक्य नाही. "हो ना." "खरंच." "छे." एवढंच. ज्या नटाची ख्याती सहा ओळींच्या वाक्यावर उभी, त्याच्या हाती अर्धी वाक्यं. आणि इथे मघाशी सांगितलेली गोष्ट पुन्हा कामाला आली. वाक्य तुटलं तरी त्यामागचा विचार ते शेवटपर्यंत नेतात. तोंड थांबतं, डोळे वाक्य पूर्ण करतात. मग गालावरून पाणी ओघळतं. हेच टेरी घराण्याचे अश्रू, पण आता ते दाखवण्यासाठी नाहीत, लपवता न आल्यामुळे आलेले आहेत.

१९७५ मध्ये हॅरल्ड पिंटर यांचं 'नो मॅन्स लँड', दिग्दर्शन पीटर हॉल यांचं, पुन्हा रिचर्डसनसोबत. स्पूनर नावाचा फाटका कवी. चुरगळलेला सूट, मोज्यांवर सँडल, हातात दुसऱ्याच्या दारूचा पेला. हा माणूस लाचार आहे, खोटारडा आहे, आणि तरी भाषा त्याच्या हातात आहे. गीलगुड यांनी आयुष्यभर कमावलेलं सगळं वाक्चातुर्य एका अपयशी माणसाला दिलं. त्या सुंदर बोलण्याकडे आपण आता कीव आणि संशय यांच्यासह पाहतो. माझ्या मते ही त्यांची सर्वोत्तम भूमिका आहे, हॅम्लेटपेक्षाही. चालणंसुद्धा बघा. ज्या पायांची चेष्टा झाली होती, त्याच पायांनी ते स्पूनरला एक चोरटी, अंग चोरणारी चाल देतात.

यानंतर पडदा आपोआप खुला झाला. आलँ रेने यांच्या 'प्रॉव्हिडन्स'मध्ये (१९७७) मरणाच्या दारात बसून पिणारा लेखक. ब्रिटिश टीव्हीवरच्या 'ब्राइड्सहेड रिव्हिजिटेड'मध्ये (१९८१) मुलाला अत्यंत सभ्यपणे छळणारा बाप. जेवणाच्या टेबलावरचे ते प्रसंग संयमाचा धडा म्हणून दाखवावेत. 'आर्थर' या विनोदी चित्रपटातल्या सेवकाच्या भूमिकेला त्यांनी आधी दोनदा नकार दिला होता, भाषा असभ्य वाटली म्हणून. शेवटी केली आणि वयाच्या ७७ व्या वर्षी ऑस्कर मिळालं. रिचर्ड अ‍ॅटनबरो यांच्या 'गांधी'मधला व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन तर आपण सगळ्यांनी पाहिला आहे. मिठाच्या सत्याग्रहाची बातमी ऐकताना त्या चेहऱ्यावर किती कमी हालचाल आहे ते एकदा फक्त त्यासाठी पाहा. एवढ्या कमी हालचालीतही साम्राज्याचा आत्मविश्वास दिसतो.

रंगभूमीवरचं शेवटचं काम १९८८ चं, अपोलो थिएटरातलं 'द बेस्ट ऑफ फ्रेंड्स'. वय ऐंशीच्या पुढचं. प्रॉस्पेरो रंगमंचावर चार वेळा केला होता. पाचव्यांदा १९९१ मध्ये पीटर ग्रीनअवे यांच्या 'प्रॉस्पेरोज बुक्स' चित्रपटात, जिथे जवळपास सगळ्या पात्रांचे संवाद त्यांच्याच आवाजात आहेत. १९९४ मध्ये शाफ्ट्सबरी अव्हेन्यूवरच्या ग्लोब थिएटरला त्यांचं नाव दिलं गेलं. २१ मे २००० रोजी ते गेले, ९६ व्या वर्षी. त्याच्या काही आठवडे आधी त्यांनी शेवटचं काम केलं ते सॅम्युएल बेकेट यांच्या 'कॅटॅस्ट्रफी'च्या चित्रीकरणात. दिग्दर्शक डेव्हिड मॅमेट, सोबत पिंटर. ज्या बेकेटच्या वाटेला ते पन्नाशीत जात नव्हते, त्याच्याच नाटकातली ही भूमिका, आणि तिला एकही शब्द नाही. मूक भूमिका.

म्हणून टिकले कसे याचं माझं उत्तर असं: कसब बदललं नाही, ते कशासाठी वापरायचं हे बदललं. आणि तो बदल साठीनंतर, नाव मोठं असताना, आपल्याला पूर्ण न समजलेल्या लेखकांच्या हाती स्वतःला सोपवून केला.

तुम्हाला प्रत्यक्ष अभ्यास करायचा असेल तर क्रम असा ठेवा. आधी 'एजेस ऑफ मॅन'चं ध्वनिमुद्रण फक्त कानांनी ऐका आणि कागदावर प्रत्येक श्वासाची खूण करा. मग 'चाइम्स अ‍ॅट मिडनाइट'मधलं राजाचं निद्रेवरचं स्वगत, तेही खुणा करत. मग १९७८ मध्ये टीव्हीसाठी चित्रित झालेलं 'नो मॅन्स लँड' शोधा. पहिल्यांदा आवाजासह, दुसऱ्यांदा आवाज बंद करून. शेवटी तुमच्या चालू नाटकातला एखादा प्रवेश घ्या, ज्यात तुमचं वाक्य मध्येच तुटतं. ते तुटलेलं वाक्य वहीत पूर्ण लिहून काढा, क्रियापदासकट, आणि तालमीत सहनटासमोर संहितेत आहे तेवढंच बोला. सहनटाला विचारा की त्याला पुढचं ऐकू आलं का.